शाळेच्या आहारात गावचा माल: कायदा, हिशेब आणि लागवड

खरीप नियोजनाच्या निमित्ताने शेतकऱ्यांकडून तीन प्रश्न आले. शालेय पोषण आहारासाठी गावच्या शेतकऱ्याकडूनच खरेदी करण्याचे बंधन शाळेवर आहे काय, त्यासाठी परवाना लागतो काय, आणि शाळेतील परसबागेला आपण कशी मदत करावी, असे ते प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 च्या कलम 5 नुसार शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या मुलांना सुटीचे दिवस वगळता रोज एक मोफत जेवण मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क मुलाचा आहे. माल कोणाचा असावा याविषयी कायदा काही सांगत नाही. ब्राझीलने 2009 च्या कायद्याने शालेय आहारासाठीच्या केंद्रीय निधीपैकी किमान 30 टक्के रक्कम कौटुंबिक शेतीच्या मालावर खर्च करणे बंधनकारक केले. आपल्याकडे 2021 मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत (शालेय पोषण आहार, म्हणजेच मध्यान्ह भोजन, आता याच नावाने चालतो) शेतकरी उत्पादक कंपन्या व महिला बचत गटांच्या सहभागाला प्रोत्साहन आहे, परंतु प्रोत्साहन म्हणजे हक्क नव्हे, आणि त्या भरवशावर कोणी क्षेत्र वाढवू नये.

तांदूळ भारतीय अन्न महामंडळाकडून येतो आणि डाळ, तेल, मसाला यांसारखा धान्यादी माल सहसा निविदेतून पुरवला जातो, त्यामुळे एकट्या शेतकऱ्याला तिथे शिरकाव नाही. भाजीपाला मात्र गावपातळीवरच घेतला जातो, आणि आपल्यासाठी खरी वाट तीच आहे.

ती वाट किती रुंद आहे, हे आधी मोजून पाहावे. निकषानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 50 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 75 ग्रॅम भाजी द्यायची असते. लहान गटातील 60 व मोठ्या गटातील 40 मुले जेवत असतील, तर दोन्ही गटांची मिळून रोजची गरज अवघी सहा किलो होते. शिवाय 1 मे 2025 पासून लागू झालेला साहित्यखर्चाचा दर लहान गटासाठी प्रतिविद्यार्थी 6.78 रुपये व मोठ्या गटासाठी 10.17 रुपये प्रतिदिन असून, डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन हे सर्व त्यातच भागवायचे असते. एवढ्या खरेदीसाठी स्वतंत्र एकर राखणे परवडणारे नाही; घरच्या भाजीपाल्यातील काही गुंठे त्या हिशेबाने लावणे हेच शहाणपणाचे, असे माझे मत आहे.

पिकाची निवड करताना बाजारापेक्षा शाळेचे स्वयंपाकघर डोळ्यांपुढे ठेवावे. मेथीची जुडी निवडायला वेळ लागतो, आणि स्वयंपाकी व मदतनीस यांच्याकडे सकाळी तेवढा वेळ क्वचितच असतो, म्हणून पालेभाजी द्यायचीच झाल्यास ती निवडून, धुऊन, मुळे काढून द्यावी. दुधी, गाजर आणि शेवग्याच्या शेंगा खिचडीत किंवा आमटीत सहज जातात. लाल भोपळा पूर्ण पिकल्यावर देठासकट काढून हवेशीर जागी ठेवला, तर बरेच आठवडे टिकतो आणि भाजीच्या खंडाच्या दिवसांत उपयोगी पडतो. पालक व मेथीचे वाफे एकदम न पेरता दर दहा-बारा दिवसांनी थोडे थोडे पेरावेत. दिवाळीच्या व उन्हाळी सुटीत मागणी शून्यावर येते, ही गोष्ट पेरणीच्या वेळीच ध्यानात घ्यावी.

फवारणीबाबत सवलत नाही. औषधाच्या लेबलवर त्या पिकासाठी दिलेला काढणीपूर्व कालावधी, म्हणजे फवारणी व काढणी यांत सोडायचे दिवस, पूर्ण झाल्याशिवाय भाजी शाळेत जाऊ देऊ नये, आणि ज्या भाजीसाठी औषधाची शिफारसच नाही तिच्यावर ते मारू नये. फवारणीची तारीख व औषधाचे नाव वहीत लिहून ठेवावे, कारण 2015 च्या मध्यान्ह भोजन नियमांनुसार शिजवलेल्या अन्नाची प्रयोगशाळेत तपासणी होऊ शकते.

परवान्याविषयी चिंता नको. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 शेतकऱ्याला त्याच्या स्वतःच्या शेतमालापुरता लागू नाही, आणि महाराष्ट्रात 2016 पासून फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यास मोकळीक आहे. मात्र हळद दळून किंवा तुरीची डाळ करून विकणाऱ्या गटाला अन्न सुरक्षा नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागेल. निविदा भरू इच्छिणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपनीने उलाढालीची व अनामत रकमेची अट आधी वाचावी.

शाळेतील परसबागेला पोषण योजनेत स्थान आहे, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावीपासून मुलांना व्यवसायांची ओळख करून देण्याचा जो आग्रह आहे, त्यात शेती सहज बसते. अडचण येते ती बियाण्याची नव्हे, तर उन्हाळी सुटीत पाणी घालण्याची. म्हणून शेवगा, कढीपत्ता व पपई कडेला लावून हंगामी वाफे जूनमध्ये नव्याने करावेत. मुलांकडून बीजप्रक्रिया करून घ्यायची असल्यास ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीसारखे जैविक घटकच वापरावेत; रासायनिक औषध त्यांच्या हाती देऊ नये.

इच्छुकांनी शाळा सुरू होण्यापूर्वी मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समितीची भेट घेऊन कोणत्या महिन्यात कोणती भाजी, कोणत्या दराने आणि किती दिवसांनी पैसे, हे लेखी ठरवून घ्यावे. प्रत्येक खेपेची वजनासह पावती द्यावी व स्थळप्रत जपावी.