वाचकांचे प्रश्न : खोटी माहिती आणि सर्च इंजिन

प्रश्न : आतून लालसर झालेल्या केळीचे छायाचित्र आणि ‘या फळांत एचआयव्हीबाधित रक्त टोचले आहे’ असा मजकूर आमच्याकडील व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा फिरू लागला आहे. खात्री करण्यासाठी गुगलवर शोधले, तर कधी खुलासा सापडतो, कधी तोच दावा पुन्हा समोर येतो. हा मजकूर खोटा आहे हे गुगलला कळत नाही का? आणि कळत असेल, तर तो काढून का टाकत नाहीत?
— एक केळी उत्पादक, रावेर (जि. जळगाव)

उत्तर : आधी दाव्याविषयी. तो निखालस खोटा आहे आणि गेली अनेक वर्षे वेगवेगळ्या देशांत फिरतो आहे. केळीचा गाभा तांबूस होतो तो बुरशीजन्य किंवा जिवाणूजन्य रोगामुळे. एचआयव्हीचा विषाणू शरीराबाहेर फार काळ तग धरत नाही आणि खाण्यापिण्यातून त्याची लागण होत नाही. जळगाव जिल्ह्याचे अर्थकारण ज्या पिकावर उभे आहे, त्याच्याविषयी अशी अफवा उठणे ही साधी बाब नाही, म्हणून या उत्तराला थोडी अधिक जागा देत आहोत.

गुगल, बिंग यांसारखी सर्च इंजिने शोधनिकालांत जी पाने दाखवतात, ती इतरांनी लिहिलेली असतात. सर्च इंजिनांचे प्रोग्रॅम इंटरनेटवरील पाने सतत वाचत असतात, त्यांची सूची तयार करतात आणि आपण शब्द टाइप केले की त्या सूचीतील जुळणारी पाने एका क्रमाने मांडतात. दावा खरा की खोटा हे एखाद्या डॉक्टरला किंवा कृषितज्ज्ञाला जसे कळते, तसे या प्रोग्रॅमला कळत नाही. तो बाहेरच्या खुणा पाहतो : पान कोणाचे आहे, त्या विषयातील विश्वासार्ह संकेतस्थळे त्याची लिंक देतात का, मजकूर विचारलेल्या शब्दांशी किती जुळतो. सूचीतून पान वगळले तरी मूळ संकेतस्थळावर ते तसेच राहते, आणि वगळण्याची कारणेही मोजकी असतात, म्हणजे न्यायालयाचा किंवा सरकारचा कायदेशीर आदेश, बालकांच्या लैंगिक शोषणाचा मजकूर, कॉपीराइटचा भंग, स्पॅम वगैरे. मजकूर केवळ खोटा आहे, एवढे कारण सहसा पुरत नाही. त्यामुळे सर्च इंजिनांच्या हातातील खरे हत्यार क्रम हेच आहे. मागच्या पानांवर ढकललेला मजकूर फार थोडे लोक उघडतात.

या हत्याराला धार आली ती एका नामुष्कीनंतर. ज्यूंचा नरसंहार खरोखर झाला होता का, असे इंग्रजीत विचारले असता गुगल सर्वांत वर एका नवनाझी संकेतस्थळाचे पान दाखवत असल्याचे डिसेंबर २०१६ मध्ये उघडकीस आले. त्यावरून मोठे वादळ उठले, आणि एप्रिल २०१७ मध्ये गुगलने विश्वासार्ह पानांना अधिक वजन देणारे बदल जाहीर केले. शोधपट्टीत आपोआप सुचवल्या जाणाऱ्या शब्दांविषयी तक्रार करण्याची सोयही तेव्हा देण्यात आली. निकालांची प्रत तपासण्यासाठी गुगलने जगभरात दहा हजारांहून अधिक मूल्यमापक नेमलेले आहेत आणि त्यांच्यासाठीची मार्गदर्शिका कोणालाही वाचता येते. आरोग्य, पैसा आणि सुरक्षितता या विषयांवरील पानांना तिच्यात सर्वांत कडक कसोटी लावलेली आहे. मात्र मूल्यमापकाने दिलेल्या गुणांमुळे एखादे पान थेट वर-खाली होत नाही. क्रमवारीत केलेला बदल योग्य दिशेने काम करतो आहे की नाही, हे त्या गुणांवरून ताडून पाहिले जाते.

मग आपल्याला तोच दावा पुन्हा का दिसतो? याचे उत्तर बऱ्याच अंशी आपल्या भाषेत सापडते. बिंगचे काम पाहणारे मायक्रोसॉफ्टमधील मायकेल गोलेब्यूस्की यांनी २०१८ मध्ये ‘डेटा व्हॉइड’ ही कल्पना मांडली. ज्या शब्दांवर चांगले लिखाण जवळजवळ नसतेच, तिथे सर्च इंजिनापुढे निवडायला वाईट मजकूरच उरतो. क्रम लावण्याची पद्धत कितीही सुधारली तरी जे पान कोणी लिहिलेच नाही, ते वर आणता येत नाही. इंग्रजीत या अफवेचे खुलासे आहेत. मराठीत ‘केळीत एचआयव्ही रक्त’ हे शब्द लिहिणारे लोक बहुतेक करून अफवा पुढे ढकलणारेच असतात, आणि आपण निरोपातले तेच शब्द उचलून शोधपट्टीत टाकले की सर्च इंजिन त्यांच्याशी जुळणारी पाने आणून देते. त्याऐवजी ‘केळी आतून लाल का होते’ असे विचारल्यास केळीच्या रोगांवरील माहितीपर्यंत पोहोचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. डिसेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातही हेच दिसले. खोट्या बातमीची खातरजमा करण्यासाठी शोध घेणाऱ्यांचा तिच्यावरील विश्वास कमी होण्याऐवजी वाढला, आणि ज्यांना निकालांत हलक्या प्रतीची पाने मिळाली त्यांच्या बाबतीत तो विशेष वाढला. बातमीचा मथळा जसाच्या तसा शोधपट्टीत टाकणाऱ्यांच्या वाट्याला अशी पाने अधिक आली.

म्हणून आमचा आग्रह असा आहे की जळगावचे केळी संशोधन केंद्र, राहुरीचे कृषी विद्यापीठ आणि केळी उत्पादकांच्या संघटना यांनी या अफवेवर सोप्या मराठीत, छायाचित्रांसह, तारीख आणि तज्ज्ञाचे नाव घालून एक तरी पान इंटरनेटवर ठेवावे. सर्च इंजिनाला वर आणण्यासाठी काहीतरी हाताशी मिळेल आणि अफवा पुढल्या वेळी उठेल तेव्हा ते आधीपासूनच तिथे असेल.

प्रश्न : १ जुलै २०१८ रोजी आमच्या तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. सर्च इंजिनांची ही यंत्रणा तेव्हा उपयोगी पडली असती का?
— एक शिक्षिका, साक्री (जि. धुळे)

उत्तर : बहुतांशी नाही. ते पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे. त्यांच्या जिवावर उठलेली अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. व्हॉट्सॲपवरील निरोप पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणाला वाचता येत नाहीत, त्यामुळे सर्च इंजिनाच्या सूचीत ते येतच नाहीत. तिथला उपाय व्हॉट्सॲपलाच करावा लागला. त्याच महिन्यात भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली आणि जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली.

सर्च इंजिनाचा उपयोग होतो तो फॉरवर्ड करण्यापूर्वी थांबून तपासणाऱ्या माणसाला. त्या काळात देशभर फिरलेल्या एका व्हिडिओत मोटारसायकलवरील दोघे रस्त्यावरून मूल उचलून नेताना दिसत. तो मुळात कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृतीसाठी केलेला होता, आणि मूल परत आणून सोडल्याचा व संदेशाचा शेवटचा भाग कापून तो इकडे पसरवण्यात आला. अशा व्हिडिओतील एका दृश्याचा स्क्रीनशॉट घेऊन गुगल लेन्समध्ये टाकल्यास ते दृश्य पूर्वी कुठे प्रसिद्ध झाले होते, हे पुष्कळदा समजते. चित्रावरून शोध घेण्याची सोय गुगलवर २०११ पासून आहे. शाळेत आठवी-नववीच्या मुलांकडून हे प्रत्यक्ष करून घ्यावे, कारण घरातील मोठ्यांचा मोबाईल पुष्कळदा तीच मुले हाताळतात. अहिराणीत किंवा भिलीत बोलून पाठवलेल्या व्हॉइस मेसेजला मात्र ही युक्ती लागू पडत नाही. तिथे पोलीस पाटलांना किंवा पोलीस ठाण्याला फोन करून विचारणे हाच मार्ग आहे.

प्रश्न : पूर्वी काही शोधनिकालांखाली ‘फॅक्ट चेक’ असे लिहिलेले दिसे, ते आता दिसत नाही. हे सरकारच्या सांगण्यावरून झाले का? आणि खरे-खोटे ठरवण्याचा अधिकार मुळात कोणाचा?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : तो गुगलचा स्वतःचा निर्णय आहे. २०१६ मध्ये गुगल न्यूजमध्ये सुरू झालेले ते लेबल २०१७ मध्ये जगभरच्या शोधनिकालांत आले, आणि निकालांचे पान सुटसुटीत करण्याचे कारण देऊन जून २०२५ मध्ये ते बंद करण्याचे जाहीर झाले. हा निर्णय आम्हाला अयोग्य वाटतो. घाईत असलेल्या वाचकाला पान न उघडताही इशारा मिळत होता, तो आता मिळत नाही.

अधिकाराबाबत म्हणाल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ नुसार देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठरावीक कारणांसाठी केंद्र सरकार मजकूर रोखण्याचा आदेश देऊ शकते. केंद्राच्या कारभाराविषयीची माहिती खोटी ठरवण्याचा अधिकार केंद्राच्याच कक्षाला देणारी २०२३ ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवून रद्द केली. खाजगी कंपन्या मात्र क्रम स्वतःच्या धोरणाने लावतात. रशियाच्या अपप्रचाराशी जोडलेली संकेतस्थळे खाली ढकलल्याचे डकडकगो या सर्च इंजिनाच्या प्रमुखांनी मार्च २०२२ मध्ये जाहीर केले, तेव्हा त्या कंपनीच्या अनेक जुन्या वापरकर्त्यांनीच त्यावर टीका केली होती.

लेबल गेले असले तरी गुगलचे ‘फॅक्ट चेक एक्सप्लोरर’ हे स्वतंत्र पान आहे. तिथे दावा टाकला की पडताळणी करणाऱ्या संस्थांचे निष्कर्ष दिसतात. तिथे मराठीतून काही हाती लागले नाही, तर तोच दावा हिंदीत टाकून पाहावा, कारण हिंदीतील पडताळण्यांची संख्या मराठीपेक्षा बरीच मोठी आहे.