'मारानाथा'मध्ये 'नाथ' आहे का?

एका वाचकाने विचारले आहे: आगमनकाळातल्या, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांतल्या, उपासनेच्या पत्रिकेवर 'मारानाथा' असे छापले होते. हे 'नाथ'चे संबोधन आहे का? मग आधीचे 'मारा' कुठले?

कानाला 'नाथा' ऐकू येते खरे, पण संस्कृत 'नाथ'शी याचे नाते नाही. शब्द अरामी आहे. येशू आणि त्याचे शिष्य घरीदारी जी भाषा बोलत, तिच्यातला. 'मार' म्हणजे प्रभू. केरळातल्या सुरियानी परंपरेच्या ख्रिस्ती बिशपांच्या नावाआधी लागणारा 'मार' तोच. 'मारान' किंवा 'माराना' म्हणजे आमचा प्रभू, आणि उरलेले क्रियापद 'येणे'.

बायबलच्या जुन्या ग्रीक हस्तलिखितांत शब्द सलग लिहीत, त्यामुळे फोड दोन तऱ्हांनी होते. 'मारान अथा' म्हणजे 'आमचा प्रभू आला आहे'. 'माराना था' म्हणजे 'आमच्या प्रभो, ये'. मला दुसरी पटते. बायबलमधल्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या अखेरीस (22:20) येशूला ग्रीकमध्ये हीच हाक घातली आहे, आणि 'दिदाखे' या फार जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीच्या, प्रार्थना 'मारानाथा, आमेन' म्हणून संपतात.

बायबलमध्ये हा शब्द एकदाच येतो, प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (1 करिंथ 16:22), आणि ती जागा सावकाश वाचण्यासारखी आहे. पौल पत्र तोंडी सांगत होता, लेखनिक लिहीत होता. 21व्या वचनात पौल सांगतो की हा सलाम माझ्या हातचा आहे. आणि पुढच्याच वचनात हा शब्द, अर्थ न देता! करिंथची मंडळी ग्रीक बोलणारी. तरी अर्थ सांगायची गरज पडली नाही, म्हणजे इसवी सन 55च्या सुमारास ही हाक त्यांच्याही तोंडी बसलेली होती. प्रभूच्या पुनरागमनाची, म्हणजे येशू पुन्हा येणार ही, आशा मागाहून कुणी जोडलेली नाही, याला मला यापेक्षा बोलका पुरावा दुसरा दिसत नाही. याच पत्रात (11:26) भाकर आणि प्याला घ्यायचा तोही 'तो येईपर्यंत'.

मराठीत याचा अर्थ देताना 'या' किंवा 'यावे' करू नये. 'था' हा एकवचनी आज्ञार्थ आहे, आणि आपण देवाला 'तू'च म्हणतो. 'ये' अगदी नेमके बसते. लिहिताना शब्द सलग ठेवावा. तोडायचाच तर 'माराना था', 'मारा नाथा' कधीही नाही.