स्कायरिम आवडलेल्याने स्टारफील्ड पुढे खेळावा का?

तुम्ही लिहिलंय की स्कायरिम हा व्हिडिओ गेम तीनदा पूर्ण केलात, त्याच स्टुडिओचा अंतराळातला स्टारफील्ड मात्र आठ-दहा तासांत बाजूला ठेवलात. ग्रह रिकामे वाटले आणि सगळा वेळ लोडिंग स्क्रीन बघण्यात जातोय असं वाटलं. आठवड्याला पाच-सहा तासच मिळतात, तर त्यातले यावर घालवावेत का, असा तुमचा प्रश्न आहे.

माझं उत्तर: घालवा, पण खेळायची सवय बदलून. मी या गेममध्ये दोनेकशे तास काढले आहेत. त्यातले पहिले पंचवीस-तीस तास तुमच्यासारखेच गेले. त्या काळात मीही रिकाम्या ग्रहांनाच दोष देत होते. आता मला वाटतं की ग्रह रिकामे असणं ही खरी अडचण नाही. अडचण आहे ती मधली वाट हरवण्याची.

स्कायरिममध्ये काय व्हायचं ते आठवा. एखाद्या गावी जायला निघायचं, वाटेत धूर दिसायचा, तिकडे वळलं की कुणाची तरी छावणी, तिथे एक चिठ्ठी, चिठ्ठीतून एक गुहा, आणि दोन तासांनी लक्षात यायचं की मूळ गावी अजून पोचलोच नाही. त्या गेमचा जीव या वाकड्या वाटेत होता. बेथेस्डा या स्टुडिओने २०११ साली स्कायरिम आणि २०१५ साली फॉलआउट ४ काढला. दोन्हींत नकाशा सलग होता, म्हणून ही जादू आपोआप घडायची. स्टारफील्ड सप्टेंबर २०२३ मध्ये आला तो शंभरच्या वर ग्रहमाला आणि हजारावर ग्रह घेऊन. आता दोन ताऱ्यांमधलं अंतर काही पायी चालता येत नाही. मग वाटेच्या जागी मेनू आला. क्वेस्ट, म्हणजे गेमने दिलेली कामगिरी, उघडायचा, नकाशावर ठिकाण निवडायचं, बटण दाबून धरायचं, की थेट दारात हजर. घरातून निघणं आणि मुक्कामी पोचणं, दोन्ही आहे. मधला प्रवास तेवढा कापून टाकलाय.

पण तो पूर्ण कापलेला नाही, आणि हे कळायला मला फार उशीर लागला. वाटेवरच्या भेटीगाठी या गेममध्ये जमिनीवर कमी आहेत, त्या ग्रहाच्या कक्षेत आहेत. तुम्ही मेनूतून थेट जमिनीवर उतरलात तर कक्षा वगळली जाते आणि तिथे वाट बघत असलेलं सगळं हुकतं. मी एकदा नुसतीच एका ग्रहाच्या कक्षेत थांबले, तर एका यानातून हाक आली. एक आजीबाई एकट्याच तारे हिंडत निघाल्या होत्या आणि मला जेवायला बोलावत होत्या. यानाला यान जोडून आत गेले. ताट वाढलेलं होतं, आणि आजींना खूप बोलायचं होतं. बक्षीस, लढाई असलं तिथे काही नव्हतं. मी मुख्य कथा विसरून बराच वेळ त्या स्वयंपाकघरातच उभी होते. दुसऱ्या एका ठिकाणी सहलीला निघालेल्या शाळकरी मुलांचं यान भेटलं. बाईंनी विनंती केली की मुलांच्या चार प्रश्नांना उत्तरं द्याल का. स्कायरिमच्या वाटेवर अवचित भेटणारी माणसं ती हीच. फक्त त्यांचा पत्ता बदललाय.

म्हणून पहिली गोष्ट ही करा. कॉकपिटमध्ये बसून स्वतः उड्डाण करा. खुर्चीत बसल्या बसल्या स्कॅनर उघडा, समोरच्या काचेतून क्वेस्टची खूण दिसते, तिच्यावर रोख धरा आणि तिथूनच ग्रॅव्ह ड्राइव्ह, म्हणजे दूरच्या ताऱ्यावर उडी मारणारं यानातलं यंत्र, चालवा. नकाशा उघडावाच लागत नाही. उडी संपली की लगेच उतरू नका, आजूबाजूला कोण आहे ते बघा. लोडिंग स्क्रीन यानेही जात नाहीत, ते खरं. तरी आपण यानातून कुठेतरी निघालोय ही भावना टिकते, आणि माझ्यासाठी तरी सगळा फरक त्यानेच पडला.

आता ग्रहांबद्दल. उतरण्याच्या जागेभोवतीचा भाग गेम स्वतः रचतो आणि त्यात तयार इमारती पेरतो. पडीक खाण, सोडून दिलेली प्रयोगशाळा, चाच्यांचा तळ. पहिल्यांदा छान वाटतं. दुसऱ्या ताऱ्याच्या तिसऱ्या चंद्रावर तीच शीतगृहाची प्रयोगशाळा भेटते. त्याच खोलीत तोच मृतदेह, त्याच टेबलावर तीच चिठ्ठी. तेव्हा मन खट्टू होतं, आणि ते होणं रास्त आहे. एखाद्या माणसाची शेवटची चिठ्ठी दोनदा सापडली की त्या माणसावरचा विश्वासच उडतो. दिव्यशक्ती देणाऱ्या मंदिरांचंही तेच. तरंगत जाऊन प्रकाशाचे ठिपके गोळा करायचे, कडी उघडायची. पहिल्या मंदिरात अंगावर काटा येतो, पण पुढे दर वेळी हाच विधी. चोवीस शक्ती आहेत. त्यांच्या मागे लागू नका, कथेच्या ओघात येतील तेवढ्या घ्या.

पण रिकामेपण प्रत्येक वेळी उणं नसतं. मंगळावर ऑपॉर्च्युनिटी रोव्हर आहे. हा खरा रोव्हर नासाने जानेवारी २००४ मध्ये उतरवला होता. तो ९० दिवस टिकेल अशी योजना होती, तो चौदा वर्षांहून जास्त चालला, आणि जून २०१८ मध्ये धुळीच्या वादळात त्याचा संपर्क तुटला. गेमचा काळ आहे २३३०. आसपास कोणी शत्रू नाही, संगीत विरळ होत जातं, तांबड्या मातीत तो छोटा यंत्रजीव उभा. मी शेजारी नुसती उभी राहिले. तिथे कुणी तळ बांधला असता, चार डाकू ठेवले असते, तर तो क्षण गेलाच असता. चंद्रावर अपोलोची खूण आहे, तिथेही असंच झालं. एक षष्ठांश गुरुत्वाकर्षणात उडी मारली की माणूस खाली यायला जो वेळ घेतो, तेवढ्या वेळात आभाळ नीट बघून होतं. रिकामी जागा हेतूने रिकामी ठेवली की ती बोलते. इमारतींची भर घालून गेमने स्वतःचीच ही ताकद बऱ्याच ग्रहांवर पुसट केली, असं मला मनापासून वाटतं.

हाताने घडवलेल्या जागी मात्र जुना स्टुडिओ ओळखू येतो. अकिला शहरात पाऊल टाकताच बँकेवर दरोडा पडलेला असतो आणि तुम्हालाच बोलणी करायला पुढे ढकलतात. निऑन हे शहर समुद्राने वेढलेल्या ग्रहावर, मासेमारीसाठी बांधलेल्या प्लॅटफॉर्मवर उभं आहे. तिथल्या माशातून ऑरोरा नावाचं नशेचं द्रव्य निघालं आणि सगळं शहर त्यावर पोसलं गेलं. तिथल्या अरुंद गल्ल्यांतून चालताना मागे कुजबुज ऐकू येते आणि तुमच्या यादीत नवा क्वेस्ट पडतो. न्यू अटलांटिसमध्ये वर लख्ख चौक आणि बागा, लिफ्टने खाली गेलं की द वेल, जिथे वरच्यांना नको असलेली माणसं राहतात. इथे पायी चाला. शहरांत वाट शाबूत आहे.

क्वेस्ट निवडायचेच तर युनायटेड कॉलनीज या सत्तेच्या व्हॅनगार्ड नावाच्या स्वयंसेवक दलात आधी भरती व्हा. भरतीच्या वेळी एका संग्रहालयातून नेतात. वसाहतींचं युद्ध कसं झालं, कोणती शस्त्रं कराराने बंद केली, हे तिथे ऐकायला मिळतं, आणि पुढे त्यातली प्रत्येक गोष्ट कामाला येते. नंतर टेरॉरमॉर्फ नावाच्या प्राण्यांचं जे गूढ उलगडतं, ते मला मुख्य कथेपेक्षा सरस वाटलं. भीतीही आहे, राजकारणही आहे, आणि शेवटी घ्यावा लागणारा निर्णय मी दोन दिवस लांबणीवर टाकला होता.

'एन्टँगल्ड' या मुख्य कथेतल्या क्वेस्टबद्दल फार सांगत नाही. एकच प्रयोगशाळा दोन वास्तवांत आहे. एकात अपघाताने सगळं जळून गेलंय, दुसऱ्यात लोक काम करतायत, आणि तुम्ही क्षणात इकडून तिकडे फेकले जाता. इथे घाई करू नका. प्रत्येक खोली दोन्हीकडून बघा. कुणाला वाचवायचं हा प्रश्न जितका सरळ मांडलाय तितका तो सरळ नाही.

उलट 'फर्स्ट कॉन्टॅक्ट' या क्वेस्टवर माझा अजून राग आहे, कारण कल्पना विलक्षण आहे. ग्रॅव्ह ड्राइव्हचा शोध लागायच्या आधी पृथ्वीवरून निघालेलं एक जहाज. पिढ्यान् पिढ्या जहाजातच जन्मल्या आणि गेल्या. दोनशे वर्षांनी ते लोक आपल्या ठरलेल्या ग्रहावर पोचतात, तर तिथे आधीच आलिशान रिसॉर्ट. मागून निघालेले पुढे पोचलेले! त्या जहाजात फिरताना, तिथल्या मुलांशी बोलताना मला भरून आलं. आणि मग तोडगा काय, तर त्यांना ड्राइव्ह घेऊन द्या आणि दुसरीकडे धाडा, नाहीतर रिसॉर्टच्या चाकरीला जुंपा, नाहीतर जहाजच उडवून द्या. रिसॉर्टच्या मालकमंडळींना कोंडीत पकडायची, त्यांचा लोभ चव्हाट्यावर आणायची वाट मला कुठेच सापडली नाही. मी पैसे भरून त्यांना ड्राइव्ह मिळवून दिला. पण ज्यांचा हक्क होता त्यांनाच तिथून जावं लागलं, हे मनाला लागून राहिलं.

तुमच्याबरोबर फिरणाऱ्या सोबत्यांचंही तसंच. सारा, सॅम, बॅरेट आणि आंद्रेया, चौघांची आपापली गोष्ट चांगली लिहिली आहे. आंद्रेयाची मला विशेष आवडली. पण नीतीच्या बाबतीत चौघेही साधारण एकाच बाजूचे. चाच्यांच्या क्रिमसन फ्लीटकडे झुकायचं ठरवलं तर प्रत्येकाची बोलणी खावी लागतात. त्या मोहिमेत व्हास्को या रोबोटला घेऊन जा.

लढाई स्कायरिमपेक्षा, फॉलआउटपेक्षाही चांगली आहे, खास करून कमी गुरुत्वाकर्षणात बूस्ट पॅक (पाठीवरचं उंच उडवणारं यंत्र) लावून. त्यासाठी पहिलाच स्किल पॉइंट बूस्ट पॅकवर टाका. पॅक पाठीवर असला तरी स्किलशिवाय तो चालत नाही, आणि सुरुवातीच्या तासांत गेम रटाळ वाटायचं ते एक साधं कारण आहे. सामान उचलण्यावर मात्र ताबा ठेवा. वजन मोजकंच पेलतं आणि दुकानदारांकडे पैसेही थोडेच असतात, त्यामुळे सगळं गोळा करायची स्कायरिमची सवय इथे फक्त वेळ खाते.

यान बांधण्याबद्दल लिहायला बसले तर हे उत्तर संपणार नाही. कॉकपिट, इंजिन, रिअॅक्टर, राहण्याचे कप्पे, सगळं तुकड्यातुकड्याने जोडायचं, आणि मग आपण जोडलेल्या त्याच यानातून चालत फिरायचं. माझा एक आख्खा शनिवार फक्त शिडी योग्य ठिकाणी यावी यासाठी गेला आणि तो वाया गेला असं मला मुळीच वाटत नाही.

गेम आल्यानंतर सुधारणाही झाल्या. मे २०२४ च्या अपडेटमध्ये शहरांचे नीट नकाशे आले; त्याआधी दुकान शोधायला भटकावं लागायचं. ऑगस्ट २०२४ मध्ये ग्रहांवर चालवायला गाडी आली, त्यामुळे दोन खुणांमधली कंटाळवाणी पायपीट संपली. त्या सप्टेंबरच्या शेवटी आलेला शॅटर्ड स्पेस हा विस्तार एकाच ग्रहावर घडतो. कथा मला बेताची वाटली, पण नकाशा सलग आणि हाताने रचलेला आहे, तिथे पुन्हा टेकडीआड काय आहे म्हणून पावलं वळतात. तुम्हाला स्कायरिममधलं जे हवंय ते तिथे सर्वात जास्त आहे.

यानातून ढगांमधून सरळ जमिनीवर उतरणं हेच तुमचं स्वप्न असेल, तर नो मॅन्स स्काय घ्या, तिथे कुठेही खंड पडत नाही. एकच दाट शहर हवं असेल तर सायबरपंक २०७७. आणि पीसीवर खेळत असाल तर स्टारफील्ड एसएसडीवर, म्हणजे वेगवान स्टोरेज ड्राइव्हवरच ठेवा, तो त्याशिवाय चालवायच्या भानगडीत पडू नका.

पाच-सहा तासांत एक आठवडा असा काढून बघा: नवीन कॅरेक्टर करू नका, जुनाच सेव्ह उघडा. व्हॅनगार्डमध्ये भरती व्हा, संग्रहालय पूर्ण ऐका. स्पेसर टोळीतल्या कुणाच्या खिशात मॅन्टिसच्या गुप्त तळाबद्दलची नोंद सापडली, तर हातातलं काम सोडून तिकडे जा. त्या तळात एक जागा अशी आहे जिथे फरशीवरची अक्षरं बघून पाय टाकावा लागतो, आणि उत्तर आधी वाचलेल्या कागदांत असतं, म्हणून कागद वाचत चला. तळाच्या शेवटी एक यान उभं आहे. ते घेऊन कक्षेत या, इंजिन मंद करा, आणि कुणाची हाक येते का ते ऐका.