गिऱ्हाइकाला लवकर वाटेला लावणारी दुकानं

कोथरूड, पुणे
रविवार दुपार

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, परवा लिफ्ट बंद म्हणून आपण जिन्यात भेटलो, तेव्हा तू म्हणालीस, "काका, गेमिंग आणि फॅन्टसीच्या भारी साइट्सची लिस्ट टाका ना व्हॉट्सअ‍ॅपवर." मी हो म्हणून वर आलो, सात नावं टाइप केली आणि पुसून टाकली. यादी काय, कुणीही देईल. कुठल्या दुकानात काय मागायचं आणि तिथून कधी बाहेर पडायचं, हे सांगायला मात्र पत्रच लागतं.

दुकान हा शब्द मुद्दाम वापरला. पुण्याच्या जुन्या दुकानदारांची थट्टा करून झाली सगळ्यांची, पण त्यांच्यात एक गुण होता. गिऱ्हाईक रेंगाळलेलं त्यांना खपत नसे. मागितलेली वस्तू अचूक काढून द्यायची, पैसे मोजायचे आणि "अजून काही? नाही ना? मग सरका, मागच्यांना येऊ द्या." साइट बघताना मी हीच कसोटी लावतो. जिच्यावरून दहा मिनिटांत उठून मी खेळाकडे, गोष्टीकडे किंवा चार माणसं जमलेल्या टेबलाकडे जातो, ती चांगली. जी "बसा हो, अजून एक बघून जा" म्हणते, तिचा धंदा माझ्या बसण्यावर चाललेला असतो. तूच सांगितलंस की गेल्या महिन्यात एल्डन रिंगबद्दल चाळीसेक व्हिडिओ पाहिलेस. तो गेम तुझ्या लॅपटॉपवर चालत नाही, हेही तूच सांगितलंस.

तर आधी झटपट कामाच्या जागा. गेम घ्यायच्या आधी 'हाऊ लाँग टू बीट' उघडायची. मुख्य कथा संपवायला किती तास, आजूबाजूचं सगळं करायला किती, आणि कोपरा न् कोपरा धुंडाळायचा तर किती, हे खेळलेल्या लोकांनी दिलेल्या आकड्यांवरून कळतं. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात ऐंशी तासांचा गेम सुरू करणाऱ्याला माझ्याकडून सहानुभूती मिळणार नाही. तुझ्यासारख्या ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशिनवर गेम अडला, तर 'पीसीगेमिंगविकी' बघ; कुठल्या फाइलमधला कुठला आकडा बदलायचा, इथपर्यंत तिथं लिहिलेलं असतं. भाव बघायला 'इज देअर एनी डील'. आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर परत करता येतो. विकलेला माल परत घेतला जाणार नाही या पाटीखाली वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे अजून खरं वाटत नाही.

अडलीस कुठे, तर 'गेमएफएक्यूज' आहेच. १९९५ पासूनची साइट, साध्या अक्षरांत टाइप केलेली गाइडं, नकाशेसुद्धा रेघा आणि टिंबांनी काढलेले. पण ते म्हणजे आपलं 'एकवीस अपेक्षित'. पास व्हाल, विषय कळेलच असं नाही. मला त्यापेक्षा 'युनिव्हर्सल हिंट सिस्टिम' आवडते. ती त्याहून जुनी, १९८८ ची. जुन्या कोड्यांच्या खेळांसाठी ती एका वेळी एकच इशारा उघडते. पहिला अगदी मोघम, दुसरा जरा जवळचा, उत्तर सगळ्यात शेवटी. भूमितीचे चांगले सर असंच करायचे: "त्या कोनाकडे बघ जरा," एवढंच म्हणून पुढच्या बाकाकडे जायचे.

विकींबद्दल एक गोष्ट तुला कुणी सांगितलेली नसणार. एखाद्या खेळाचा विकी, म्हणजे कुणालाही भर घालता येईल असा माहितीकोश, चाहते फुकट लिहितात, पण तो ज्या कंपनीच्या जागेवर असतो ती तिथं जाहिराती लावते. माइनक्राफ्टच्या विकीची संपादक मंडळी सप्टेंबर २०२३ मध्ये फॅन्डम या कंपनीची जागा सोडून स्वतःच्या पत्त्यावर गेली. जुनी प्रत मात्र मागे राहिली, आणि शोधलं की अनेकदा तीच आधी समोर येते. म्हणजे वाड्यातून बिऱ्हाड हललं, पण दारावरची पाटी तशीच. 'इंडी विकी बडी' नावाचं छोटं एक्स्टेन्शन ब्राउझरला लावलंस, तर ते नवा पत्ता दाखवतं. आणि विकीत चूक दिसली तर दुरुस्त कर. खाली "हे चुकलंय" असं ओरडून निघून जाऊ नकोस. पुणेकर असलीस तरी.

आता जरा जुनी गोष्ट. मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा गेम विकत घ्यायचे म्हणजे तपकीर गल्लीत जायचं. एका सीडीत सोळा गेम, वर झेरॉक्स केलेलं कव्हर, आणि घरी आल्यावर त्यातले अकरा चालायचे. चोरीचा माल होता, हे आम्हाला कळत होतं. गैर काही वाटत नव्हतं. पोलंडमध्येही त्या काळात असंच होतं. तिथल्या सीडी प्रोजेक्ट नावाच्या कंपनीनं मग 'बॉल्डर्स गेट' हा फॅन्टसी गेम पोलिश भाषेत आणला. नामवंत नटांचे आवाज घेतले, खोक्यात नकाशाबिकाशा घातला, आणि चोरीची सीडी सहज मिळत असतानाही लोकांनी तो पैसे देऊन घेतला. आपल्या भाषेत कुणीतरी आपल्यासाठी मेहनत घेतली की माणूस खिशात हात घालतो, ही गोष्ट मला त्या खेळापेक्षाही जास्त आवडते. त्याच कंपनीनं २००८ साली 'गॉग' हे दुकान काढलं. जुने खेळ नव्या मशिनवर चालतील असे करून द्यायचे, कुलूप लावायचं नाही. एकदा फाइल उतरवून घेतली की ती तुझी. दुकान बंद पडो, इंटरनेट जावो, खेळ चालतो.

याची किंमत तुमच्या पिढीला कळायला हवी. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली तेव्हा आपल्या सोसायटीतली निम्मी पोरं सुतकात होती, तूही होतीस. सर्व्हरवरचा खेळ असा एका रात्रीत जातो.

माझंही गेलंय. कॉलेज संपल्यावर तीनेक वर्षं मी खेळांवर लिहायचो, फुकट जागा देणाऱ्या एका कंपनीच्या साइटवर. त्यांनी एक दिवस गाशा गुंडाळला. आधी मेल पाठवला होता म्हणे, पण तो मी उघडतच नसलेल्या खात्यावर. माझ्याकडे दुसरी प्रत नव्हती. पुढं कितीतरी वर्षांनी 'इंटरनेट आर्काइव्ह'च्या वेबॅक मशिनमध्ये पत्ता टाकला, तर निम्मी पानं निघाली. चित्रं गायब, शुद्धलेखनाच्या चुका शाबूत. ब्रूस्टर केल या माणसानं १९९६ मध्ये ही संस्था सुरू केली. डॉसच्या काळातले हजारो खेळ तिथं ब्राउझरमध्येच चालतात, जुन्या मराठी पुस्तकांचे स्कॅनही आहेत. तिथं एक संध्याकाळ घालव. आणि स्वतः लिहिशील त्याच्या दोन प्रती ठेव, एक पेन ड्राइव्हवर.

फॅन्टसीचं वाचन. तुझी तक्रार आहे की पुस्तकं महाग पडतात. मग मासिकं वाच. 'क्लार्क्सवर्ल्ड' २००६ पासून दर महिन्याला निघतं, 'स्ट्रेंज होरायझन्स' २००० पासून बहुतांशी स्वयंसेवकांच्या जिवावर चालतं, आणि पूर्वीचं टॉर डॉट कॉम २०२४ पासून 'रिअ‍ॅक्टर' झालंय. तिन्हींवर कथा फुकट. एक कथा वाचायला वनाज ते रामवाडी मेट्रोचा प्रवास पुरतो. कादंबऱ्यांच्या मालिकेत पहिलं पुस्तक कुठलं, असा घोळ झाला की 'आयएसएफडीबी' ही फॅन्टसी-विज्ञानकथांची सूची उघड. दिसायला तहसील कार्यालयातल्या रजिस्टरासारखी, माहितीला पक्की.

"मराठीत फॅन्टसी कुठाय?" असं तू विचारलंस, तेव्हा मी जिन्यात थांबलो होतो, आठवतं? मराठी कादंबरी रांगत होती तेव्हाच ती अद्भुतात रमलेली होती; 'मुक्तामाला' १८६१ ची. त्याच सुमारास याच पुण्यात कृष्णशास्त्री चिपळूणकर अरबी सुरस गोष्टी मराठीत आणत होते. नारायण धारप पुण्याचेच. त्यांची पुस्तकं अप्पा बळवंत चौकात मिळतात. त्यासाठी साइट लागत नाही, सायकल लागते.

माझ्या कसोटीला एक सणसणीत अपवाद आहे, 'टीव्ही ट्रोप्स'. कथांमधल्या ठरीव युक्त्यांचा कोश. निवडलेला नायक, मरणारा गुरू, शेवटच्या क्षणी येणारी कुमक, प्रत्येकाला नाव आणि शेकडो उदाहरणं. एका दुव्यावरून दुसऱ्यावर जाता जाता रात्रीचे दोन वाजतात. तरी सांगतोय, कारण लिहिणाऱ्याला त्यातून आपण काय उसनं घेतलंय ते दिसतं. फक्त गजर लावून बस.

चाहत्यांनी लिहिलेल्या कथांसाठी 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन', म्हणजे तुमचं एओथ्री. जाहिरात नाही, मालक म्हणून ना-नफा संस्था, आणि फॅन्टसी-विज्ञानकथांसाठीचा २०१९ चा ह्यूगो पुरस्कार या अख्ख्या साइटला मिळालेला. कथांमधल्या एकाच जोडीची लिहिणाऱ्यांनी दिलेली पन्नास नावं एका नावाखाली बांधायचं काम तिथं माणसं हातानं करतात, बिनपगारी. कथेवरच्या सूचना आणि इशारे वाचल्याशिवाय कथा उघडू नकोस. ते शोभेला लावलेले नसतात.

टेबलावरच्या खेळांचं 'बोर्डगेमगीक' मी सगळ्यात शेवटी शिकलो, आणि महागात शिकलो. २००० सालची ही साइट प्रत्येक खेळाला एक ते पाच असं 'वजन' देते. म्हणजे डोक्याला ताप किती. कॅटन सव्वादोनच्या आसपास, 'ब्रास: बर्मिंगहॅम' चारच्या जवळ. मी फक्त वरचा क्रमांक बघून एक जड खेळ आणला आणि दिवाळीत घरच्यांपुढे मांडला. नियमपुस्तिकेच्या चौथ्या पानावर मेव्हणी चकल्या तळायला उठली, सहाव्या पानावर काकू. शेवटी सासूबाईंनी कपाटातून सोंगट्यांचा कापडी पट काढला आणि रात्री एकपर्यंत आरडाओरडा झाला. पचिसीचीही त्या साइटवर रीतसर नोंद आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझा डाव आहे, टाक."

डी अँड डी, म्हणजे टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', खेळायचं तर पुस्तकांवर हजारो घालवू नकोस. मूळ नियमांचा मोठा भाग जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली मोकळा आहे, 'एसआरडी' शोध. चार मैत्रिणी आणि फाशांचा एक संच, बास.

आता ज्यासाठी खरं पत्र लिहितोय ते. स्वारगेटहून शेवटची पीएमपी सुटते आणि नकाशात नसलेल्या थांब्यावर थांबते, ही तुझी गोष्ट. दोनदा सांगितलीस, एकदाही लिहिली नाहीस. शनिवारवाड्याचं भूत प्रत्येकानं वापरून चोथा केलंय. ही बस कुणाची नाही. 'ट्वाइन' उघड. २००९ मध्ये ख्रिस क्लिमस यांनी केलेलं फुकट साधन, ब्राउझरमध्ये चालतं, कोड यायला लागत नाही. एक परिच्छेद, खाली दोन वाटा: उतरायचं की बसून राहायचं. देवनागरी सरळ चालते. झालं की 'इच' या छोट्या खेळांच्या ऑनलाइन बाजारात ठेव. तिथं किंमत तू ठरवायची, आणि साइटला किती वाटा द्यायचा तेही तूच, अगदी शून्यसुद्धा. पुढं चित्रं हलवावीशी वाटली तर 'गोडॉ' हे गेम बनवायचं साधन. आधीच्या आवृत्त्यांत मराठी लिहिलं की जोडाक्षरं फुटायची, पहिली वेलांटी भलत्या बाजूला जाऊन बसायची. २०२३ च्या चौथ्या आवृत्तीपासून अक्षरं नीट जुळतात. मोठा खेळ पुण्यात बनतच नाही असं वाटत असेल, तर 'राजी' नावाचा गेम बघ. २०२० चा, इथल्याच नॉडिंग हेड्सचा.

यंत्राकडून लिहून घेऊ नकोस. फेब्रुवारी २०२३ मध्ये तशा कथांचा एवढा पूर आला की क्लार्क्सवर्ल्डला काही काळ कथा घेणंच बंद करावं लागलं. अडली ती मनापासून लिहिणारी माणसं.

नाव लावायची लाज वाटते म्हणालीस. मग लावू नकोस. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला कुणा नारायण विनायक जगताप यांची कथा आली. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतलेली. तिला पहिलं बक्षीस मिळालं, आणि जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर निघाले, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. जगभर नाव झालेल्या माणसालाही कथा कथा म्हणूनच वाचली जावी असं वाटलं. तुझं ते 'ड्रॅगनभाकरी' हँडल मला मुळीच आवडत नाही, पण चालेल.

पुढच्या रविवारी चारला ये. पहिली दहा पानं असली तरी पुरे, त्यातली सहा मी खोडणार आहे. लिफ्ट काही तोवर सुरू होत नाही, तेव्हा जिन्यानंच. आणि तुझा वीस बाजूंचा फासा घेऊन ये. माझा सोफ्याखाली गेलाय आणि काकू सोफा हलवू देत नाही.

तुझा,
तिसऱ्या मजल्यावरचा काका