दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन पाणबुडीसोबत गेलेल्या खलाशाची माहिती कशी काढावी आणि त्याच्या नावाचा दगड कसा बसवावा?

तुमचा प्रश्न असा: तुम्ही ओहायोत राहता, तुमच्या अमेरिकन सासूबाईंचा मामा १९४४ साली पॅसिफिकमध्ये पाणबुडीवर असताना बेपत्ता झाला. वय १९. घरात गणवेशातला एक फोटो, नौदलाची तार आणि काही पत्रं आहेत. मृत्यूची तारीख प्रत्येक कागदावर वेगळी, म्हणून दगडावर काय कोरावं ते कळत नाही.

दगड शेवटी. आधी बोटीचं नाव पक्कं करा. तारेत ते सापडणार नाही, कारण जहाजाचं नाव आणि ठिकाण कुणाला सांगू नका अशी सूचनाच तेव्हाच्या तारांमध्ये असायची. नाव मिळतं पत्रांच्या पाकिटावर. प्रेषकाच्या पत्त्यात खलाशाचं नाव, हुद्दा, बोटीचं नाव आणि खाली 'फ्लीट पोस्ट ऑफिस, सॅन फ्रान्सिस्को' असं असतं. पत्रं जपली आणि पाकिटं फेकली असं बऱ्याच घरांत झालेलं असतं, म्हणून सासूबाईंच्या चुलत-मावस भावंडांकडेही विचारा.

नाव कळलं तरी तेवढ्यावर थांबू नका. पाणबुडीवर माणसं सतत बदलत. साधारण दोन महिन्यांची गस्त संपली की सगळ्यांना दोन आठवडे विश्रांती मिळे, दुरुस्ती दुसरी तुकडी करी, आणि पुढच्या गस्तीआधी बरेच जण उतरून नवे चढत. त्यामुळे १९४४ च्या शेवटच्या गस्तीला चढलेल्या पोराच्या नावावर त्या बोटीनं १९४२ मध्ये बुडवलेली जहाजंही जमा होतात. कुटुंबांच्या टिपणांत ही चूक सर्वांत जास्त दिसते. तपासायला हजेरीपट, म्हणजे मस्टर रोल, आहेत. ते दर तिमाहीचे असतात, आणि मधल्या काळात चढलेल्या-उतरलेल्यांच्या याद्या वेगळ्या. अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजनं ते ठेवले आहेत, बरेचसे स्कॅन होऊन ऑनलाइन आहेत. तो चढल्याची तारीख मिळाली की त्यानंतरच्याच गस्तींचे अहवाल वाचा. त्यांत जवळपास प्रत्येक दिवसाच्या नोंदी असतात: हवा, दिसलेली जहाजं, सोडलेले टॉर्पेडो, डेप्थ चार्जचे (पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बचे) हल्ले, कधीकधी जेवण आणि आजारपणही.

शेवटच्या गस्तीचा अहवाल मात्र नसतो, तो बोटीबरोबरच गेला. तिथे उरतात नौदलाचे आदेश, बोटीचा शेवटचा रेडिओ संदेश आणि जपानी नोंदी.

तारखांचा घोळ इथूनच सुरू होतो. 'ग्रेबॅक' या बोटीचं उदाहरण घ्या. २८ जानेवारी १९४४ ला ती पर्ल हार्बरहून निघाली, २५ फेब्रुवारीला तिचा शेवटचा संदेश आला, ७ मार्चला ती मिडवे बेटावरच्या तळाला पोचायला हवी होती आणि ३० मार्चला नौदलानं ती गमावल्याचं धरलं. जपानी नोंदीनुसार ती २७ फेब्रुवारीलाच विमानाच्या बॉम्बनं बुडाली होती. शिवाय कायद्यानुसार बेपत्ता माणसाला लगेच मृत ठरवत नसत, किमान बारा महिने थांबत. म्हणून सरकारी कागदावर मृत्यू वर्षभरानं किंवा त्याहूनही उशिरा पडतो. तुमच्याकडची १९४५ किंवा १९४६ ची तारीख असेल तर ती बहुधा अशी कायदेशीर तारीख आहे. तोवर तो कुठे कैदेत जिवंत होता असा तिचा अर्थ नाही, जरी काही घरांत तशी आशा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असली तरी. आणि एका दिवसाचा फरक दिसला तर आधी आंतरराष्ट्रीय वाररेषा आठवा: टोकियोत २७ तारीख असते तेव्हा होनोलुलूत बराच वेळ २६ असते.

जागेबद्दलही असंच. 'ग्रेबॅक' ओकिनावाच्या आग्नेयेला सुमारे १०० मैलांवर बुडाली असं अनेक दशकं मानलं जात होतं. युद्धानंतर जपानी कागदांचा तर्जुमा करताना रेखांशातला एक आकडा चुकला होता. यूताका इवासाकी या जपानी संशोधकानं सासेबो तळाच्या मूळ नोंदी वाचून तो पकडला, आणि २०१९ साली समुद्रतळाचा शोध घेणाऱ्या टिम टेलर यांच्या पथकाला बोट सुमारे १,४०० फूट खोल सापडली. ८० जण होते तिच्यावर. हरवलेल्या इतर पाणबुड्यांपैकी 'वाहू' २००६ मध्ये, 'अल्बकोर' २०२२ मध्ये, 'हार्डर' २०२४ मध्ये सापडली. युद्धात अमेरिकेच्या एकूण ५२ पाणबुड्या गेल्या आणि साडेतीन हजारांच्या आसपास माणसं. अनेक बोटींचा ठाव आजही लागलेला नाही, तेव्हा जुन्या पुस्तकातलं ठिकाण 'अंदाजे' म्हणूनच लिहा. अवशेष सापडले तरी नौदल त्यांना कबर मानतं, २००४ च्या कायद्यानं त्यांना हात लावायला मनाई आहे. मामाचं काही वर काढून मिळेल अशी अपेक्षा सासूबाईंना देऊ नका.

आता फोटो. १९४८ पूर्वीच्या गणवेशावर वाचण्यासारखं बरंच आहे. उजव्या खांद्याच्या शिवणीवर पट्टी असेल तर डेकवरचा खलाशी. डाव्या खांद्यावर लाल असेल तर इंजिनखात्याचा, पण कृष्णधवल फोटोत लाल गडद दिसतो आणि निळ्या कापडात हरवतो, म्हणून स्कॅन मोठा करून बघा. मनगटावरच्या पांढऱ्या पट्ट्या मोजा: एक म्हणजे नवशिका, दोन म्हणजे सेकंड क्लास, तीन म्हणजे फर्स्ट क्लास किंवा त्यावरचा. उजव्या बाहीवर कोपराखाली विणलेले डॉल्फिन असतील तर तो पाणबुडीची परीक्षा पास झाला होता. तेव्हा खलाशांचे डॉल्फिन छातीवर नव्हे, बाहीवर असत. नसले तर लगेच निष्कर्ष काढू नका. असे फोटो बहुतेक वेळा प्रशिक्षण संपल्यावरच्या पहिल्या रजेत काढलेले असतात, तेव्हा तो पाणबुडीवर चढलेलाही नसतो. म्हणून दगडावरचा हुद्दा फोटोवरून कधीच घेऊ नका.

हुद्दा घ्या सेंट लुइसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरमधल्या त्याच्या फायलीतून. १९७३ च्या आगीत तिथल्या लष्कराच्या आणि हवाईदलाच्या फायली जळाल्या, नौदलाच्या वाचल्या. नोकरी संपून ६२ वर्षं झाली की फाइल सर्वांना खुली होते, त्यामुळे नातं सिद्ध करायची गरज नाही. स्टँडर्ड फॉर्म १८० भरा, पूर्ण नाव, जन्मतारीख आणि सर्व्हिस नंबर द्या, आणि 'संपूर्ण फाइल हवी' असं स्पष्ट लिहा, नाहीतर सारांशाची दोन पानं हातात पडण्याची शक्यता असते. फी पाच पानांपर्यंत २५ डॉलर, त्याहून जास्त असेल तर सरसकट ७०, आणि युद्धकाळातली फाइल बहुतेकदा जास्तच निघते. तिच्यात भरतीचा अर्ज, बदल्या, डॉल्फिन मिळाल्याची तारीख असते. आईवडिलांनी नौदलाला लिहिलेली पत्रंही कधीकधी असतात. ती सासूबाईंना एकट्यानं वाचायला देऊ नका.

त्याचं नाव कुठेतरी कोरलेलं असणारच. पॅसिफिकमधले बेपत्ता मनिला किंवा होनोलुलूच्या स्मारकभिंतींवर आहेत, अमेरिकन बॅटल मॉन्युमेंट्स कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाकून बघा. पर्ल हार्बरला 'बोफिन' पाणबुडीशेजारी हरवलेल्या प्रत्येक बोटीचा फलक आहे, त्यावर सगळ्यांची नावं. तुम्हाला जवळचं म्हणजे क्लीव्हलँडची 'कॉड' ही संग्रहालय-पाणबुडी. इतर संग्रहालय-पाणबुड्यांना पर्यटकांसाठी दारं कापली आहेत, हिला नाहीत. मूळ हॅचमधून शिडीनंच उतरावं लागतं. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर तुम्ही उतरून फोटो काढून आणा. मामा टॉर्पेडोखात्यात असेल तर पुढची-मागची टॉर्पेडो खोली, मोटर मशिनिस्ट असेल तर इंजिनखोल्या, इलेक्ट्रिशियन असेल तर मागचा नियंत्रणकक्ष बघा.

दगडासाठी व्हेटरन्स अफेअर्सचा, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याचा, फॉर्म ४०-१३३०. देह सापडलेला नसल्यानं तो स्मृतिदगड म्हणून मागायचा, आणि अर्ज कुटुंबातल्या व्यक्तीनंच करायचा, म्हणजे सासूबाईंची सही घ्या. दगड मोफत मिळतो, पण खाजगी दफनभूमीत बसवण्याचा खर्च आपला. वर 'इन मेमरी ऑफ' हे शब्द सक्तीचे असतात. मृत्यूची तारीख अर्जासोबतच्या कागदांशी जुळली पाहिजे, म्हणून तिथे सरकारी तारीखच द्या. बोट प्रत्यक्षात बुडाल्याची तारीख वेगळी असेल तर ती घरच्या वहीत, कुठल्या नोंदीवरून घेतली त्यासह लिहून ठेवा. दगडाच्या मजकुराला जागा कमी असते, बोटीचं नाव आधी बसवा, पदकं जागा उरली तर.