निबंधातील मजकूर स्वतःच्या शब्दांत मांडला, तरी संदर्भ द्यावा लागतो का? आणि किती टक्के साम्य चालते?

द्यावा लागतो. विचार, आकडा किंवा मांडणीचा क्रम ज्याचा असेल त्याचाच राहतो. आपण शब्द बदलले म्हणून तो आपला होत नाही. टक्केवारीचे पुढे पाहू, कारण तुमचा प्रश्न वाचून मला आधी आठवली ती एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी मी दिलेली एक तळटीप आणि तिच्यावरून एका मित्राशी आजतागायत चाललेला वाद.

निबंधाचा विषय महात्मा फुले यांचे शिक्षणविषयक विचार असा होता, आणि ब्रिटिश सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी सादर केलेल्या निवेदनाचा उल्लेख केल्याशिवाय तो पुरा होण्यासारखा नव्हता. ते निवेदन मी डोळ्यांनीही पाहिलेले नव्हते. वसतिगृहातील आमच्या खोलीत पाठीचा पुठ्ठा निघालेले एक गाईड होते आणि त्यात निवेदनातील चार ओळी मराठीत छापलेल्या होत्या : सरकारचा महसूल रयतेच्या कष्टांतून उभा राहतो, शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्याच वाट्याला जातो, अशा आशयाच्या. मी त्या ओळी अवतरणचिन्हांत घातल्या आणि खाली लिहिले, ‘फुले, हंटर आयोगास निवेदन, १८८४’. एम.ए.च्या निबंधात गाईडचे नाव शोभत नाही, या लाजेने ते गाळले. त्याच खोलीत राहणाऱ्या माझ्या मित्राने तोच परिच्छेद घेतला, ‘प्रतिपादन केले’ होते तेथे ‘मांडले’ केले, अवतरणचिन्हे आणि साल उडवले आणि तळटीप दिलीच नाही.

आठवड्याने बाईंनी मला बोलावून घेतले. “हे निवेदन तू कुठे वाचलेस?” मी म्हणालो, ग्रंथालयात. त्यांनी कपाटातून फुल्यांच्या समग्र वाङ्मयाचा ग्रंथ काढला आणि नेमके पान उघडून माझ्यापुढे सरकवला. निवेदन मुळात इंग्रजीत होते आणि त्याची तारीख होती १९ ऑक्टोबर १८८२. गाईडातील छपाईची चूक मी जशीच्या तशी उचलली होती. बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. “या मराठी ओळी फुल्यांच्या नाहीत, त्या कोणीतरी केलेला अनुवाद आहेत. कोणी केला?” ते गाईडानेच सांगितले नव्हते, तर मी काय सांगणार? एवढ्याशा तळटिपेत मी न वाचलेले वाचल्याचे भासवले होते, वाचलेले लपवले होते आणि अनुवादकाची वाक्ये फुल्यांच्या तोंडी घातली होती. वीसपैकी सात गुण मिळाले आणि निबंध पुन्हा लिहावा लागला. मित्राला चौदा मिळाले.

“तू तळटीप दिलीस म्हणून सापडलास,” हे त्याचे वाक्य मी तेव्हापासून ऐकत आलो आहे. आता तो स्वतः महाविद्यालयात शिकवतो आणि लग्नकार्यात भेटला तरी चारचौघांत हा किस्सा रंगवून सांगतो.

म्हणून तुम्हाला स्पष्टच सांगतो : जे हाताळले त्याचेच नाव द्या, मग ते गाईड का असेना. ‘फुले, १८८२, उद्धृत’ असे लिहून पुढे ज्या पुस्तकातून घेतले त्याचा लेखक, आवृत्ती आणि पृष्ठ लिहावे. आवृत्ती लिहिण्याचा कंटाळा करू नका. समग्र वाङ्मय प्रथम धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केले, पुढे य. दि. फडके यांच्या संपादनाखालीही ते निघाले. आवृत्ती न सांगता नुसता पृष्ठक्रमांक दिला, तर वाचणारा भलतेच पान उघडून बसेल. अनुवाद दुसऱ्याचा असेल तर त्याचे नाव, स्वतःचा असेल तर ‘अनुवाद माझा’ असे लिहावे. ‘तत्रैव’, म्हणजे ‘वरच्या तळटिपेतल्याच ग्रंथात’, हा शब्द शेवटच्या खर्ड्यापर्यंत वापरूच नये, कारण मध्ये एक नवी तळटीप घातली की ते निमूटपणे दुसऱ्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते. सत्यशोधक समाज १८७३ साली पुण्यात स्थापन झाला, एवढ्या सर्वज्ञात गोष्टीला संदर्भ लागत नाही. तो का स्थापन झाला याविषयी कोणा अभ्यासकाचे मत घेतले, तर लागतो.

आता टक्केवारी. सगळे ज्या दहा टक्क्यांचा जप करतात ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतून आले आहेत. दहापर्यंत दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यावा लागतो. चाळीसच्या वर साठपर्यंत वर्षभर तो देता येत नाही. साठच्या वर नोंदणीच रद्द होते. परंतु हे प्रबंध आणि शोधनिबंध यांच्यासाठी आहे. निबंध, गृहपाठ आणि उत्तरपत्रिका त्या विनियमांच्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत. तुमच्या निबंधाला लागू होईल तो तुमच्या महाविद्यालयाचा नियम, आणि तो शिक्षकांनाच विचारावा. शिवाय संगणक फक्त शब्दांचे साम्य मोजतो. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची त्या मोजणीतून वगळायची असतात, आणि माझ्या तळटिपेतील खोटेपणा तर कोणत्याही टक्केवारीत दिसला नसता.

मी हे मराठी आणि इतिहासाच्या अभ्यासावरून लिहितो आहे. विज्ञान शाखेची रीत वेगळी असते, तेथे माझे ऐकू नका.

मित्राचे म्हणणे घडलेली गोष्ट म्हणून खरे आहे, ते मी कधी नाकारले नाही. तळटीप होती म्हणूनच बाईंना ग्रंथ उघडता आला आणि ते चुकीचे साल माझ्या डोक्यातून कायमचे गेले. त्याच्या परिच्छेदात हात घालायला जागाच नव्हती. मागील वर्षी त्याने विद्यार्थ्यांसाठी काढलेली टिपणे कोणीतरी मला पाठवली. तिसऱ्या पानावर तोच परिच्छेद होता, ‘मांडले’सह, आणि यावेळी सालही घातलेले होते : १८८४. मी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली, योग्य तारीख, ग्रंथाची आवृत्ती आणि पृष्ठ लिहिले आणि ते पान त्याला टपालाने पाठवले. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.