डिझेल गाडीचं अ‍ॅव्हरेज १५ वरून ११ वर आलं. मिस्त्री इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) उघडू म्हणतो. आधी काय तपासावं?

भाऊ, तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. गाडी २०१८ ची, बीएस-४, टर्बो डिझेल, सव्वा लाख किलोमीटर चाललेली. रोज पांदण रस्त्याने वावरात जाणं-येणं, आठवड्यातून दोनदा दर्यापूरहून अमरावती. मागच्या वर्षी टायर रुंद टाकले. दोन उन्हाळ्यांपूर्वी गाडी गरम होत होती, ती मिस्त्रीने ‘व्हॉल्व्ह काढून’ बरी केली आणि तेव्हापासून टेम्परेचरचा काटा अर्ध्यावर येतच नाही. सकाळी पहिल्याच सेल्फला सुरू होते, धूर नाही.

मग इंजेक्टर इतक्यात उघडू नका. इंजेक्टर खराब झाला की गाडी आधी सांगते: सकाळी सेल्फ लांबतो, उभ्या गाडीत इंजिन थरथरतं, खडखड वाढते, धूर येतो. यातलं एकही लक्षण तुमच्याकडे नाही. लिटरमागे चार किलोमीटरचा फरक बहुतेक वेळा एका बिघाडाने पडत नाही, तीन-चार लहान गोष्टी मिळून तो पडतो. त्यातल्या बऱ्याचशा तुम्ही अंगणातच तपासू शकता.

सुरुवात मोजण्यापासून. डॅशबोर्डवरचा आकडा सोडून द्या. एकाच पंपावर, शक्यतो एकाच मशीनवर, ऑटो कटपर्यंत टाकी भरा. डिझेलला फेस येतो, त्यामुळे पहिला कट लवकर पडतो. मिनिटभर थांबून फेस बसू द्या आणि दुसऱ्या कटला बंद करा. तीन-चारशे किलोमीटर चालवून पुन्हा तसंच भरा. जितके लिटर बसले त्याने किलोमीटरला भागा. हे सलग तीनदा करून सरासरी काढा, एका टाकीवर विश्वास ठेवू नका. पंपावरच शंका असेल तर पाच लिटरच्या मापात डिझेल ओतून दाखवायला सांगा, तो ग्राहकाचा हक्क आहे. त्यात २५ मिलिलिटरपेक्षा जास्त तूट चालत नाही. घनताही तपासून मागता येते. पंपाच्या नोंदीतल्या घनतेपेक्षा (किलो प्रति घनमीटरमध्ये) तीनहून जास्त फरक आला तर डिझेल घेऊ नका. पहाटे भरलं की जास्त भरतं, या समजुतीत मात्र अर्थ नाही. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही.

आता तुमचे टायर. मूळ २१५/७५ आर १५ काढून २३५/७५ आर १५ टाकले असतील तर चाकाचा घेर चार टक्क्यांनी वाढला. चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पण मीटरला ते कळत नाही. म्हणजे गाडी १०४ किलोमीटर चालली की मीटर १०० दाखवणार. तुमचे ११ प्रत्यक्षात साडेअकराच्या जवळ आहेत. रुंद टायर रस्त्याला जास्त घासतो आणि वजनालाही जास्त असतो, तो तोटा मात्र खरा आहे. पुढच्या वेळी मूळ मापाचेच घ्या.

टायरमधल्या हवेचा आपल्याकडे सगळ्यांत मोठा घोळ मे महिन्यात होतो. ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल’ हे पंक्चरवाल्यापासून सगळे सांगतात, आणि होतं नेमकं उलट. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीत जास्त दबते, आतून तापते आणि समृद्धीसारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर तोच टायर फुटतो. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआयने वाढतो. त्यामुळे ४५ अंशांच्या दुपारी चालत आलेल्या गाडीत चार-पाच पीएसआय जास्त दिसणारच. ते काढून टाकले की दुसऱ्या दिवशी सकाळी चारही टायर कमी. हवा सकाळी तपासा, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून घ्या. माणसं किंवा पोती भरून जायचं असेल तर मागच्या चाकांचा वेगळा आकडा तिथेच दिलेला असतो. तापलेल्या टायरची हवा कधीही सोडू नका.

यानंतर गाडी कुठे अडकून चालते का ते पाहा. काळी माती ब्रेकच्या ड्रममध्ये शिरली की सुकून दगडासारखी होते आणि हँडब्रेकची केबल गंजून अर्धवट ओढलेलीच राहते. दहा-पंधरा किलोमीटर सपाट रस्त्याने, ब्रेक कमीत कमी वापरत या आणि प्रत्येक रिमच्या मध्यभागी हात जवळ नेऊन पाहा. लगेच टेकवू नका, भाजेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथेच डिझेल जळतंय. जॅक लावून ते चाक हाताने फिरवा, दोन-तीन फेऱ्या मोकळं फिरायला हवं. ड्रम उघडून माती काढायची, ॲडजस्टर मोकळा करायचा, केबल खराब असेल तर बदलायची. पावसाळा संपला की हे काम दरवर्षी करून घ्या. क्लचही पाहून घ्या. चौथ्या गिअरमध्ये ५० च्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर जोरात दाबा. इंजिनचा आवाज आणि आरपीएम चढले पण वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतोय.

माझा सगळ्यांत मोठा संशय त्या काढलेल्या व्हॉल्व्हवर आहे. तो थर्मोस्टॅट. गाडी गरम होते म्हणून तो काढून टाकणं हा उपाय नाही, आणि हे मी ठामपणे सांगतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडायला लागतो. तोपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देता इंजिन लवकर तापवणं हे त्याचं काम. तो नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन थंडच राहतं. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही. इंजिन अजून गरम झालं नाही असं समजून गाडीचा कॉम्प्युटर त्याच हिशोबाने डिझेल देत राहतो, ऑइल घट्ट राहतं, न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइल पातळ करतं आणि रिंगा झिजतात. गाव ते वावर तीन किलोमीटरच्या फेरीत तर तुमचं इंजिन कधीच तापत नसणार.

खात्री करायची तर सकाळी थंड गाडी सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर पाइप बराच वेळ थंड राहतो आणि मग एकदम गरम होतो. सुरू केल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट नाही, किंवा उघडाच अडकला आहे. नवा बसवून घ्या, मूळ तापमानाचाच.

मग गाडी गरम का होत होती, ते शोधावं लागेल, नाहीतर मे महिन्यात पुन्हा तेच. आपल्याकडे दोन कारणं नेहमीची. एक, कापसाचे तंतू, धूळ आणि किडे एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन चादरीसारखे बसतात. समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते. पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाने मारा. जास्त दाबाने पाकळ्या वाकतात. दुसरं, पाणी. तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये टाकलं की आत क्षार बसतात आणि नळ्या बंद होतात. रेडिएटर आतून साफ करून घ्या. कूलंट भरताना डिस्टिल्ड वॉटर वापरा, निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेलंच घ्या. रेडिएटरचं झाकणही बदला, त्याची स्प्रिंग ढिली झाली की पाणी लवकर उकळतं. इंजिनवर चालणारा पंखा असेल तर इंजिन बंद आणि थंड असताना हाताने फिरवून पाहा. थोडा अडखळत फिरायला हवा. अगदीच जाम असेल तर तो सतत पूर्ण जोराने फिरून डिझेल खातो आणि वेग घेताना घोंघावतो. अगदीच मोकळा फिरत असेल तर गाडी गरम होण्याचं कारण तिथेच सापडलं.

एअर फिल्टर. सोयाबीनची काढणी, तुरीची मळणी आणि पांदणीची धूळ यांत मॅन्युअलमधलं अंतर धरून चालत नाही, निम्मं धरा. हंगामात दर पंधरा दिवसांनी झाकण उघडा. हवा मारायची ती आतल्या बाजूने बाहेर आणि लांबून, ३० पीएसआयच्या आत. बाहेरून मारली की धूळ कागदात आणखी रुतते. कागदी फिल्टर धुवायचा नाही. आतून टॉर्च धरा: ठिपक्यासारखा उजेड दिसला तर भोक आहे, फेकून द्या. रबरी कडेपाशी धुळीची रेघ दिसली तर फिल्टर नीट बसत नाही. ती धूळ सरळ टर्बोत आणि सिलिंडरमध्ये जाते. फिल्टरच्या खर्चापुढे तो खर्च फार मोठा आहे.

टर्बोपासून इंटरकूलरकडे (टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनकडे जाणारे रबरी पाइप हाताने दाबत पाहा. चढावर ‘शूऽ’ असा आवाज, ताकद कमी आणि क्लिपच्या जागी तेलकट धूळ, म्हणजे तिथून दाबाची हवा निसटते. अशा वेळी बहुधा काळा धूर येतो. तुमच्याकडे धूर नाही, पण पाइप पाहायला पाच मिनिटं लागतात. ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळी साचली असेल तर ती साफ करून घ्या. पत्रा लावून तो बंद करू नका, इंजिनचा दिवा लागतो आणि प्रदूषणाचा नियमही मोडतो.

डिझेल फिल्टरच्या खाली पाणी काढायचा स्क्रू असतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तो सैल करून थोडं डिझेल काचेच्या ग्लासात घ्या. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं. ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये साठवलेलं डिझेल गाडीत टाकत असाल तर पंपाची नळी ड्रमच्या तळापासून चार बोटं वर ठेवा. रॉकेलची भेसळ तर अजिबात नको. डिझेलमधला वंगणाचा गुण त्याने जातो आणि हाय प्रेशर पंप कोरडा घासतो.

आता चालवणं. गिअर दोन हजार आरपीएमच्या आसपास वर टाका, ताणू नका. पण बाराशेच्या खाली मोठ्या गिअरमध्ये रेटूही नका. गाडी धडधडते, काजळी वाढते, क्लचला मार बसतो. गावाचा गतिरोधक दोनशे मीटरवर दिसला की ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडी गिअरमध्येच राहू द्या. त्या वेळी इंजेक्टर पूर्ण बंद असतात, डिझेल शून्य. न्यूट्रल केली की इंजिन सुरू ठेवण्यापुरतं डिझेल जळायला लागतं. म्हणून चिखलदऱ्याच्या उतारावर न्यूट्रलमध्ये सोडणं हा तोट्याचा सौदा आहे, आणि ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका वेगळा. इंजिन बंद करून उतरणं तर थेट जिवावरचं: काही दाबांनंतर ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग जड होतं.

समृद्धीवर १२० ची मुभा आहे, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० च्या तुलनेत १२० ला तो सव्वादोन पट होतो, आणि उंच, चौकोनी गाडीला तो जास्तच जाणवतो. ८५-९० धरलं तर फरक पहिल्याच टाकीत दिसेल. रिकामं कॅरिअर छतावर असेल तर उतरवा. बाजारात एसी लावून उभं राहणं मोजा: असं इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पितं. टर्बोसाठी थांबायचं ते जोरात चालवून आल्यावर अर्धा-एक मिनिट, पाच मिनिटांची गरज नाही. आणि वावरातल्या छोट्या फेऱ्या शक्य तितक्या एकत्र करा किंवा मोटरसायकलने करा. या फेऱ्या आहेत तोवर हायवेचा आकडा मिळणार नाही, हे आधीच धरून चाला.

महिन्याला १,२०० किलोमीटर धरले तर ११ ने १०९ लिटर लागतात आणि १५ ने ८०. डिझेल ९० रुपये धरलं तरी फरकाचे महिन्याला २,६०० रुपये होतात. थर्मोस्टॅट, कूलंट आणि एअर फिल्टरचा खर्च काही महिन्यांत निघून येईल.

एवढं करूनही तीन टाक्यांची सरासरी १३ च्या खाली राहिली, तर मग इंजेक्टर. तेव्हाही चारही काढून देऊ नका. आधी रिटर्न टेस्ट करायला सांगा: प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नची, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणारी, नळी वेगळ्या बाटलीत सोडायची, इंजिन काही मिनिटं चालवायचं आणि बाटल्या शेजारी ठेवून पाहायच्या. एकीत बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त डिझेल आलं तर तेवढाच इंजेक्टर टेस्ट बेंचवर पाठवा. चालू इंजिनवर हाय प्रेशर पाइप सैल करू देऊ नका. आत हजार बारपेक्षा जास्त दाब असू शकतो, ती धार कातडीतून आत शिरते. आणि नवा इंजेक्टर बसवला की त्याच्यावरचा कोड स्कॅनरने कॉम्प्युटरमध्ये भरलाय ना, हे गाडी ताब्यात घेण्याआधी समोर उभं राहून पाहा. तो भरला नाही तर नवा इंजेक्टर जुन्याच्या हिशोबाने डिझेल सोडत राहतो.